ध्रुवावरचा चिखल आणि ताथवड्याचा नळ

उत्तर ध्रुवाकडच्या समुद्राचा तळ मी या दोन हातांनी धुतलाय. असा दुसरा माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये दाखवा. आता खरं सांगायचं तर तळ नाही, तळाचा चिखल धुतला, तोही ताथवड्यातल्या एका कॉलेजात, नळाखाली, आणि नळसुद्धा गळका. मी स्वतः उत्तरेला सर्वांत लांब गेलोय ते राजगुरुनगरपर्यंत, मेव्हण्याच्या लग्नाला.

असल्या जागी किस्से सिंकखालच्या गाळासारखे साचतात. काढायचं काम कुणाचंच नसतं आणि वरून रोज नवीन पडत राहतो. मी आठवी नापास. पण बसलो की चार थर सहज उकरतो.

०

तीस वर्षं कंपनीत इन्स्पेक्शनला होतो. दुसऱ्याच्या कामात खोट काढायची, हाच धंदा. रिटायर झाल्यावर बायकोच्या स्वयंपाकात खोट काढायला लागलो, तेव्हा तिनंच मला नोकरी शोधून दिली.

लॅबला गाळ धुणारा माणूस हवा होता. लॅबचे प्रमुख बिडवे सर. इंटरव्ह्यूला त्यांनी विचारलं, सूक्ष्म गोष्टींचा काही अनुभव आहे का. मी म्हणालो, साहेब, मशीनवरच्या जॉबमधला, म्हणजे सुट्या भागातला, केसाएवढा फरक मी बोटानं सांगतो. सर खूश. पुढचा प्रश्नच नाही. त्यांच्याकडे दुसरा प्रश्न नव्हता, हे मला नंतर कळलं.

काम असं, की जहाजावरून समुद्राच्या तळात लांब नळा खुपसतात आणि गाळ भरून वर काढतात. वरचा गाळ आजचा, खालचा हजारो वर्षांपूर्वीचा. बारीक चाळणीवर तो धुतला की चिमूटभर वाळू उरते, आणि त्या वाळूत असतात फोरॅम. एका पेशीचा जीव, रव्याच्या कणाएवढा, पण स्वतःचं घर बांधून राहणारा. पाणी गार असलं की एक जात नांदते. बर्फ वितळून गोडं पाणी आलं की ती जाते, दुसरी येते. जीव मरतो, घर तिथंच राहतं. कुठल्या थरात कुणाची किती घरं, हे मोजलं की तिथलं हवामान कधी फिरलं ते कळतं.

मोजायची प्रज्ञा. आमच्या दापोडीचीच पोरगी, तिचे वडील भालेराव आमच्याच कंपनीत लेथवर होते. ओल्या ब्रशच्या टोकानं एकेक कवच उचलायचं आणि काळ्या पट्टीवरच्या चौकोनात ठेवायचं. चार वर्षं हेच. तिचा पीएच.डी.चा प्रबंध नोव्हेंबरअखेर द्यायचा होता. मुदत एकदा वाढवून झाली होती, परत मिळणार नव्हती. नाही दिला तर चार वर्षांचा खरोखरच चिखल.

०

लॅबच्या दारात सरांचा मोठा फोटो आहे. नारिंगी जाकीट, डोळ्यांवर बर्फातला चष्मा, नजर लांब कुठंतरी. खाली लिहिलंय, ‘ध्रुवीय मोहिमेवर’.

सर मोहिमेवर गेले होते हे खरं. पण जहाज हललं त्या क्षणापासून त्यांना उलट्या लागल्या, आणि परत येईपर्यंत त्यांनी समुद्र पाहिला तो बादलीतूनच. मग फोटो कधी काढला? निघायच्या आधी, गोव्याच्या धक्क्यावर.

फोटोच्या उजव्या कोपऱ्यात नारळाचं झाड आहे. तिथं कायम एखादी नोटीस चिकटवलेली असते. मी ती दर सोमवारी काढतो.

०

एकदा आमचा थंड खोलीचा कॉम्प्रेसर बसला. गाळ गार नाही राहिला तर त्याला बुरशी धरते, म्हणून नळे टेम्पोत घालून चाकणच्या एका कोल्ड स्टोरेजला नेले. तिथं सगळं मटार आणि मक्याचे दाणे. मधे आमचा समुद्र.

तिथला सुपरवायझर कागदाचा पक्का. माल काय, तर गाळ. लिहिलं. वजन लिहिलं. मग विचारलं, माल कधीचा आहे. प्रज्ञा सरळ पोरगी, तिनं खरं सांगितलं. वरचा अलीकडचा, खालचा आठ-नऊ हजार वर्षांपूर्वीचा असेल.

त्यानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, “ताई, एक्सपायरी झालेला माल आम्ही ठेवत नाही.”

शेवटी मटारच्या नावावर ठेवला. आजही तिथल्या रजिस्टरला ध्रुवावरचे मटार नोंदलेले आहेत.

०

सरांना पाहुण्यांची फार हौस. एकदा चाकणच्या कुठल्याशा कंपनीचे पाच-सहा साहेब लोक लॅब बघायला आले. सरांनी मला फर्मावलं, मायक्रोस्कोपखाली चांगला नमुना लाव. आता चांगला नमुना म्हणजे प्रज्ञाची महिनाभराची मेहनत. ती या लोकांच्या कोपराला कोण देणार? मी डब्यातला रवा लावला.

सर पंधरा मिनिटं बोलले. ही फार नाजूक जात आहे, म्हणाले. हिमनदी मागं सरकली की हिची संख्या घटते, म्हणाले. साहेब लोकांनी एकेक करून डोळा लावला आणि एकेक करून मान हलवली. एकानं तर विचारलं, ही जात नामशेष होण्याच्या मार्गावर आहे का. सर गंभीरपणे म्हणाले, दुर्दैवानं होय.

खरंच होती. दुपारी तिचा शिरा केला.

०

दापोडीला चहाच्या टपरीवर आमचं रिटायर मंडळ बसतं. लेथवाले, वेल्डिंगवाले, सगळे आता जगाचे तज्ज्ञ. त्यांनी एकदा प्रज्ञाला रस्त्यात गाठलं. आपल्या पवना नदीवर फेस येतोय तो दिसत नाही आणि तुम्ही ध्रुवावरचे किडे कसले बघता, म्हणे. मीच सगळ्यांत मोठ्यानं हसलो. आपल्याला काय, कुणावर का असेना, हसायला मिळाल्याशी मतलब.

प्रज्ञा थांबली. रागावली नाही. म्हणाली, “काका, फेस बघायला मायक्रोस्कोप लागत नाही. तो तुम्हा सगळ्यांना दिसतोय. मग?”

मंडळातले सहाही जण कपात बघायला लागले. कप रिकामे होते.

०

आता जे झालं ते चेष्टेत केलेलं नव्हतं, हे आधीच सांगतो. कुणाचा विश्वास बसत नाही. तुमचाही बसणार नाही.

खंडेनवमीला या पट्ट्यातला एकही कामगार मशीन तशीच ठेवत नाही. धुवायची, पुसायची, हळदकुंकू, फूल, नारळ. तीस वर्षांची सवय. मी लॅबमधल्या चाळण्या चकचकीत केल्या, मायक्रोस्कोपला झेंडूचा हार घातला, आणि फुलानं सगळीकडे हळदीकुंकवाचं पाणी शिंपडलं. सगळीकडे म्हणजे ओव्हनशेजारी गार व्हायला ठेवलेल्या बश्यांवरपण. त्या बश्यांत प्रज्ञाच्या शेवटच्या, म्हणजे सगळ्यांत खालच्या थराचे फोरॅम होते, पांढरेशुभ्र.

इथं एक सांगायला हवं. गाळ जहाजावर काढल्या काढल्या त्याच्यात एक गुलाबी रंग टाकतात. त्या वेळी जो जिवंत असतो त्याच्या अंगात तो रंग मुरतो. रिकामं घर पांढरंच राहतं. म्हणजे अगदी वरच्या थरात गुलाबी सापडणार. खालच्या थरात सगळे हजारो वर्षांपूर्वीचे मेलेले, तिथं गुलाबी दिसायचं कारणच नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सर लॅबमध्ये आले. वर्षातून दोनदा ते स्वतः मायक्रोस्कोपला डोळा लावतात, त्यातली ही एक वेळ. बघतात तर खालच्या थरात लाल-गुलाबी कवचं. एवढ्या खोल, जिवंत! प्रज्ञा यायच्या आत त्यांनी चार फोन केले. त्यातला एक तिच्या परीक्षक समितीच्या अध्यक्षबाईंना.

प्रज्ञा आली. एकदा बघितलं, एक कवच ब्रशनं उचललं, पाण्यात बुडवलं. रंग सुटला. मग तिनं झेंडूच्या हाराकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. तीन आठवड्यांचं काम गेलं होतं, मुदतीला सहा आठवडेही राहिले नव्हते.

सर म्हणाले, आता फोन झालेत, तेव्हा ‘शक्यता’ म्हणून का होईना, प्रबंधात घालावं लागेल. नाहीतर मार्गदर्शक म्हणून त्यांना सहीचा विचार करावा लागेल.

०

प्रबंध देण्याआधी समितीपुढं बोलावं लागतं, त्या दिवशी चहा द्यायचं काम माझं. मी दाराशी ट्रे घेऊन उभा.

अध्यक्षबाईंनी सुरुवातच तिथून केली. खालच्या थरात जिवंत सापडल्याचं सरांनी सांगितलं, त्याबद्दल बोला. सर खुर्चीत पुढं सरकले. त्यांनी ‘हो’ म्हणायची मान आधीच तयार ठेवली होती.

प्रज्ञा म्हणाली, “तो नमुना लॅबमध्ये खराब झाला. तो रंग बाहेरचा आहे. मी तो थर मोजणीतून काढलाय. नळ्याचा राखून ठेवलेला अर्धा भाग आहे, त्यातून परत मोजून देते.”

बाईंनी विचारलं, खराब कुणी केला. मी ट्रेमधल्या कपांत बघायला लागलो.

“लॅबनं,” प्रज्ञा म्हणाली.

बाईंनी सरांकडे बघितलं. सर छताकडे बघत होते. बाई म्हणाल्या, मुदतीत परत मोजून द्या, मी बघते. आणि मार्गदर्शकांनी सही वेळेत करावी, हे त्यांनी कागदावर लिहूनच घेतलं.

पुढचा महिनाभर मी धूत होतो आणि ती वेचत होती. दिवाळीत तिच्या घरची मंडळी फराळ घेऊन लॅबमध्येच आली. भालेरावनं एकदा मायक्रोस्कोपमध्ये बघितलं आणि विचारलं, ही वाळू आहे का. मी म्हणालो, रवा. पहिल्यांदाच माझ्या चेष्टेवर कुणी हसलं नाही.

०

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात प्रबंध गेला. जाडजूड, निळं कव्हर, सोनेरी अक्षरं. एक प्रत लॅबमध्ये ठेवायला ती घेऊन आली. मी हात पुसून ती घेतली, उलटीसुलटी केली. इंग्रजीत होता, मला कपाळ कळणार.

मी म्हणालो, “प्रज्ञा, खरं सांग. मी कुंकू शिंपडलं नसतं तर तुला सरांपुढं एवढं खणखणीत बोलायची संधी मिळाली असती का? माझे उपकार आहेत तुझ्यावर. निदान आभारात तरी नाव टाकायचंस.”

ती ब्रश धूत होती. मागं न बघता म्हणाली, “तुमचं नाव आहे की काका. आभारात नाही. नमुना कशाकशानं बिघडतो त्याची यादी दिलीय ना, तिथं. नळाच्या पाण्यातला गंज, चाळणीत अडकलेला जुना गाळ, आणि तुम्ही.”