ज्येष्ठ नागरिकासोबत एकाला अर्धं तिकीट

त्या मे महिन्यात शहराच्या पश्चिमेला, खडकांच्या उतारावर बांधलेल्या उघड्या नाट्यगृहात रॉकचा कार्यक्रम होता. कॉलेजात असताना ज्या गाण्यांच्या कॅसेटी मी आमच्या घराजवळच्या कोठी भागातल्या फुटपाथवर धुंडाळायची, तीच गाणी एक बँड वाजवणार होता. तिकीट मला परवडणारं नव्हतं. पण जाहिरातीच्या तळाशी एक ओळ होती : ज्येष्ठ नागरिकाला आणि त्याच्यासोबतच्या एकाला अर्धा दर.

मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना विचारलं, "गाण्याच्या कार्यक्रमाला येता का?"

"चल की," ते म्हणाले. कसली गाणी, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. सुलतान बाजारात कापडाच्या दुकानात त्यांची हयात गेली. अलीकडे ते विसरायला लागले होते. वर्षभरात दोनदा ते सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून, कधीच बंद झालेलं ते दुकान उघडायला निघाले होते. म्हणून दादा फोनवर चिडला. "एवढ्या गर्दीत त्यांना कशाला नेतेस?" मी म्हटलं, "मी आहे ना सोबत."

आम्ही साडेपाचला आत शिरलो. दगडी पायऱ्या अजून तापलेल्या होत्या. मी ओढणीची घडी करून अण्णांच्या खाली घातली, पाण्याची बाटली हातात दिली. आजूबाजूला सगळी माझ्या मुलीच्या वयाची पोरं. अण्णा कौतुकाने इकडेतिकडे बघत होते. मग सातच्या सुमारास पहिलं गाणं सुरू झालं आणि पायाखालचा दगड थरथरला. अण्णांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. मला ते दिसलं. खोटं कशाला सांगू, दिसलं होतं. पण दुसरं गाणं माझं सगळ्यात आवडतं होतं. मी उभी राहिले आणि सगळ्यांबरोबर ओरडून गायला लागले.

गाणं संपलं तेव्हा पायरीवर फक्त ओढणी होती.

आधी वाटलं, लघवीला गेले असतील. मी पुरुषांच्या टॉयलेटबाहेर उभी राहून हाका मारल्या. एक मुलगा आत जाऊन बघून आला. "नाही आंटी, कुणी नाही." पाण्याच्या टाकीपाशी नव्हते. स्टेजच्या कडेच्या माणसाला मी म्हटलं, माइकवरून नाव पुकारा. तो म्हणाला, गाणं संपल्यावर. मला एवढंच कळत होतं की त्यांच्याजवळ फोन नाही, आणि नाट्यगृहाच्या मागे नुसते खडक आणि उतार आहेत. अंधार पडत चालला होता.

मी फाटकाकडे धावले. तिथल्या रखवालदाराला विचारलं.

"बुड्ढे साब? सफेद शर्ट?" तो म्हणाला. "अब्बीच बाहर गए."

"अकेले जाने दिया?"

"मैं पूछा ना, अम्मा. बोले, घर जा रूं."

बाहेर पडलं की पुन्हा आत सोडत नाहीत, असं तो मागून सांगत होता. मी थांबले नाही. रस्त्यावर गाड्या सुसाट येत होत्या. पलीकडे बसस्टॉपवर एक सिटी बस उभी होती, आणि दाराशी कंडक्टर बाई ओरडत होत्या, "कोठी, कोठी!" खिडकीत पांढरा शर्ट दिसला. बस हलली. मी मधेच हात आडवा करून रस्ता ओलांडला, एक स्कूटरवाला शिव्या देत गेला. मी बसच्या पत्र्यावर दोन्ही हातांनी बडवलं. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला.

अण्णा खिडकीपाशी शांत बसले होते. मला बघून त्यांनाच आश्चर्य वाटलं.

"तू का आलीस? तुझी गाणी चालली आहेत ना?"

"अण्णा, न सांगता कुठे निघालात?" माझा आवाज चिरकला. सगळी बस बघत होती.

"सांगितलं की तुला. कान दुखतात, मी कोठीची बस धरतो, तू सावकाश ये. तू 'हौ' म्हणालीस."

म्हणाले असेन. गाता गाता मान हलवली असेन. ते काही विसरले नव्हते. दिशा, बस, घर, सगळं त्यांच्या ध्यानात बरोबर होतं.

मी त्यांच्या शेजारी बसले. कंडक्टर बाईंनी अण्णांचे पैसे घेतले, बायकांना प्रवास फुकट, म्हणून मला शून्याचं तिकीट दिलं. बऱ्याच वेळाने मी म्हटलं, "अण्णा, तुमच्यामुळे तिकीट स्वस्त मिळत होतं. म्हणून आणलं तुम्हांला."

ते बाहेर बघत होते. "वाटलंच मला," एवढंच म्हणाले. रागावले नव्हते, आणि तेच मला जास्त लागलं.

घरी पोचल्यावर दादाचा फोन आला. "कसा झाला कार्यक्रम?" छान झाला म्हणून मोकळी झाले असते, त्याला कधीच कळलं नसतं. पण मी सगळं सांगितलं, कानांवर हात ठेवलेले दिसले होते तेसुद्धा. मग त्याने विचारलं, "जेवले का ते?"

"जेवताहेत," मी म्हटलं. आत अण्णा भात कालवत माझ्या मुलीला सांगत होते, "बाजा लई मोठा होता गं."