शीवच्या खोक्यात पडलेला बिल्ला

महाराष्ट्र अजून व्हायचा होता, तेव्हाची गोष्ट. त्या दिवसांत लालबागमध्ये कुणी पळताना दिसला की दुकानदार आधी फळ्या लावायचे आणि मग विचारायचे, काय झालं रे? मी पहिल्या दिवशी सरावाला पळालो तर तीन दुकानं बंद झाली. एक चणेवाला टोपली डोक्यावर घेऊन परळ नाक्यापर्यंत माझ्याबरोबर पळत आला आणि तिथं धापा टाकत मला विचारायला लागला की गोळीबार नेमका कुठल्या बाजूला चाललाय. मी म्हटलं, कुठंच नाही, मी शर्यतीसाठी पळतोय. त्यानं मला मालवणीत जी शिवी दिली ती मी नंतर बरीच वर्षं त्याच्याच आवाजात करून दाखवायचो.

दुसऱ्या दिवशी पोलिसानं धरलं. हात उघडून बघितले, दगड नव्हता. तरी पळत का होतास, हे त्याला पटेल असं मला सांगता येईना. तिसऱ्या दिवसापासून मी मुलीला पाठीशी बांधून पळायला लागलो. बायकोचं जुनं लुगडं, दोन वेढे, पुढं गाठ. दोन वर्षांचं पोर पाठीवर घेऊन कुणी दगडफेक करून पळत नाही, एवढं पोलिसालाही कळतं. शिवाय तिला ठेवायचं कुठं हाही प्रश्न होताच. लालबाग, परळ, हिंदमाता, दादर आणि परत. ती पाठीवर बसून माझे कान धरायची. डावा कान ओढला की थांबायचं, असा तिचा नियम होता.

आता हे पळणं कशासाठी, ते सांगतो.

बायको गिरणीत वाइंडिंग खात्यात परमनंट होती. सकाळी सातला आत, साडेतीनला बाहेर. मी त्याच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, बदली. बदली म्हणजे रोज गेटावर उभं राहायचं, कुणी खाडा केला असेल तर त्याच्या जागी आत घ्यायचे, नाहीतर घरी. कधी पहिली पाळी, कधी दुसरी, कधी काहीच नाही. मला काम लागलं तरच मुलगी शेजारच्या म्हातारीकडे. तिला आम्ही सगळे आये म्हणायचो. तर आयेनं ठरवलं की शिमग्यानंतर आपण गावाला जाणार ते कायमचं. मुंबईत पाणी भरून भरून तिचे गुडघे गेले होते.

मग मुलीचं काय? आमच्या चाळीत निम्मी मुलं गावाला आजीकडे असायची. मे महिन्यात आईबापाकडे पाहुण्यासारखी यायची आणि बापाला बघून दाराआड लपायची. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. माझा मेव्हणा गावाहून आयेला न्यायलाच येणार होता. त्यानं पत्रात लिहिलंच होतं की मी येईपर्यंत भाचीचं बोचकं बांधून ठेवा.

बायको फार बोलणारी नव्हती. पत्र वाचून झाल्यावर ती म्हणाली, “तुम्ही दुसऱ्या पाळीला परमनंट झालात तर मी बाहेर येताना तुम्ही आत जाल. गेटावर पोरगी हातात द्यायची. नाही झालात तर ती गावाला जाणार. तिसरं काय आहे?”

तिसरं काही नव्हतं. परमनंट व्हायला लोकांची दहा दहा वर्षं जायची. तेवढ्यात आमच्या भागातल्या व्यायामशाळेनं शर्यत काढली. लालबागहून ठाण्याच्या खाडीपर्यंत पळत जायचं आणि परत यायचं. छत्तीस मैल. आमच्या गिरणीच्या लेबर ऑफिसरला खेळांचं वेड होतं. कबड्डीवाले त्यानं असेच चिकटवून घेतले होते. त्यानं गेटावर सांगितलं की आपल्या गिरणीचा जो बदली ही शर्यत रीतसर पुरी करेल त्याला परमनंट करू. नंबर यायला पाहिजे असं नाही. पुरी करायची, रीतसर.

पळण्याशी माझा काही संबंध नव्हता. आमचं गाव तालुक्याचं, वेंगुर्ल्याकडचं. तिथल्या शाळेत खेळाच्या दिवशी मास्तर मला पळायला न लावता निकाल ओरडायला उभा करायचे, कारण मी त्यांच्याच आवाजात ओरडायचो आणि त्यांचा घसा वाचायचा. मला येत होतं ते एवढंच. कुणालाही दोन दिवस बघितलं की तो माझ्या अंगात यायचा. मुकादमाचं खाकरणं, गिरणीचा भोंगा, मैदानातल्या सभेत बोलणारे पुढारी, सगळे. मोर्चातून येताना लोक मला ट्रंकेवर उभं करून तेच भाषण परत ऐकायचे. लेबर ऑफिसरपण मी करायचो. तो प्रत्येक वाक्याआधी नाकातून श्वास ओढायचा आणि म्हणायचा, “असं बघा.” डबा खायच्या सुट्टीत मी ते केलं की अख्खं साचाखातं हसायचं. बायको बजावायची, त्या माणसाला तेवढं सोडा. मी सोडलं नाही.

शर्यत रविवारी होती. पहाटे पाचला लालबागहून निघालो. तीसएक जण होतो. गिरण्यांचे लोक, व्यायामशाळेचे पोरगे, एक दोन गोदीकामगार माझगावचे, आणि गिरगावातला एक कारकून. कारकुनाच्या पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. आम्ही बहुतेक अनवाणी. तो बराच वेळ माझ्या शेजारीच होता आणि पळता पळता मला समजावत होता की श्वास नाकाने घ्यावा हो, तोंडाने घेतला की घसा कोरडा पडतो. मी त्याला त्याच्याच आवाजात “हो का हो” म्हटलं तर त्याला कळलंच नाही.

पाठीवर मुलगी नव्हती, त्यामुळे पहिले काही मैल मी नुसता उधळलो. कुर्ल्यापर्यंत पहिल्या पाचात होतो. आणि मग माझी खोड आडवी आली. रस्त्याच्या कडेला लोक उभे होते, लोक दिसले की मला राहवत नाही. पुढं एक गोदीकामगार फेंगडा पळत होता, मी त्याच्यामागून तसाच फेंगडा पळायला लागलो. लोक हसले. घाटकोपरला एकाचा पाय मुरगळला होता, मी त्याचंही लंगडणं केलं. भांडुप येईपर्यंत मला खरंच लंगडायला होत होतं. दुसऱ्याची चाल पायात शिरते ती लवकर निघत नाही. मग मी शहाणपणा केला आणि पुढचे सगळे मैल त्या गिरगावच्या कारकुनाची नक्कल करत पळालो. छोटी पावलं, कोपर पोटाशी, तोंड बंद. ठाण्याला पोचलो ते त्याच्यामुळे. त्याला हे मी कधी सांगितलं नाही.

ठाण्याच्या खाडीवर व्यायामशाळेची माणसं बसली होती. तिथं प्रत्येकाला नंबर ठोकलेला एक पत्र्याचा बिल्ला द्यायचे. तो लालबागला आणून दाखवायचा, म्हणजे तुम्ही खरंच ठाण्याला जाऊन आलात. मधेच ट्रकमध्ये बसून कुणी परत येऊ नये म्हणून ही युक्ती. मी बिल्ला मुठीत धरला आणि फिरलो.

येतानाचं मला फारसं आठवत नाही. ऊन होतं. मुलुंडला कुणीतरी डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं. मुलगी आणि गावाला जाणारी बोट, बोट आणि मुलगी, एवढंच डोक्यात फिरत होतं. थोड्या वेळानं तेही बंद झालं.

शीवला रस्त्याच्या कडेला व्यायामशाळेचा एक माणूस टेबल मांडून बसला होता. कानावर पेन्सिल, समोर वही, बाजूला एक लाकडी खोका. तो जाणाऱ्याला अर्धं लिंबू द्यायचा. मी लिंबू चोखलं आणि पुढं निघालो.

लालबागला पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. नववा आलो. बायको मुलीला कडेवर घेऊन उभी होती, तिच्या शेजारी मेव्हणा. आदल्याच दिवशी तो गावाहून आला होता. टेबलाशी व्यायामशाळेचे दोघं आणि आमचा लेबर ऑफिसर, डोक्यावर सोला टोपी. बिल्ला, म्हणाले. मी मूठ उघडली तर मुठीत लिंबाची साल.

मला क्षणभर काही कळेना. मग कळलं. गिरणीत काम लागलं की हातात बिल्ला मिळतो. खात्याच्या दाराशी कानावर पेन्सिल लावलेला बाबू बसलेला असतो, त्याच्या बाजूला लाकडी पेटी. बिल्ला पेटीत टाकला की हजेरी लागली. हे हाताला इतकं सवयीचं झालेलं असतं की त्यात डोक्याचं काम नसतं. मी शीवला लिंबू हातात ठेवलं होतं आणि बिल्ला खोक्यात टाकला होता. खोका सालींसाठी होता.

माझ्यामागून आमच्याच गिरणीचे आणखी दोन बदली आले. त्यांच्याकडेही बिल्ले नव्हते. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. व्यायामशाळेच्या सगळ्या पोरांकडे बिल्ले होते. गिरगावच्या कारकुनानं तर तो रुमालात गाठ मारून आणला होता.

मी ऑफिसरला सगळं सांगितलं. शीवच्या माणसाला विचारा, आत्ता सायकलवरून कुणाला पाठवा, बिल्ला आहे तिथंच आहे. तो ऐकत होता. व्यायामशाळेचे दोघं हसत होते, पण ते त्याच्या तोंडाकडे बघत होते. मग तो म्हणाला, “तू माझी नक्कल करतोस म्हणे.”

बायको जमिनीकडे बघायला लागली.

“कर की. मी आता काय म्हणेन ते तूच सांग. माझ्या आवाजात.”

मला वाटलं, सुटलो. त्याला हसवलं की झालं. मी नाकातून श्वास ओढला, मान जरा वाकडी केली आणि म्हटलं, “असं बघा.” लोक हसले. आणि मग पुढचं वाक्य येईना. मला म्हणायचं होतं, गरीब माणूस आहे, चूक झाली, जाऊ दे. पण त्या आवाजात ‘जाऊ दे’ बसेना. मी त्याला दोन वर्षं बघत होतो. त्याच्या तोंडून ते कधी आलं नव्हतं, आणि माझ्या तोंडून त्याचं म्हणून खोटं निघेना. थोड्या वेळानं जे निघालं ते असं: “असं बघा. ठाण्याचा बिल्ला लालबागेत पायांनी आला पाहिजे. टेबल चार वाजेपर्यंत आहे.”

कुणी हसलं नाही. ऑफिसर मान हलवून म्हणाला, “बरोबर आहे. जा.”

दोघांतला एक बदली तिथंच फुटपाथवर आडवा झाला. दुसरा म्हणाला की मी जन्मभर बदली राहीन पण आता शीव नको. मेव्हणा माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, “भावोजीनू, पुरे आता. चेडवाक मी घेवन जातंय. गावाक काय वाईट आसा?” तो मनापासूनच म्हणत होता. मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, “पाणी पिऊन जा. चार वाजायला अजून अडीच तास आहेत, पळू नका.”

शीव चार मैल. जाताना मी चाललो. दादरला पावलं पडेनात तेव्हा मी चणेवाल्यासारखा चाललो, पोलिसासारखा चाललो, आयेसारखा एक हात गुडघ्यावर ठेवून चाललो. आयेचं चालणं सगळ्यात सोयीचं. लोक माझ्याकडे बघून बाजूला होत होते, त्यांना वाटलं असावं हा प्यायलाय. शीवचा माणूस टेबल आवरत होता. त्यानं तीनही बिल्ले पुसून, नंबर लावून, वहीवर ठेवले होते. मी काही म्हणायच्या आधी तोच म्हणाला, “जमा करायचे असतील असं वाटलं मला.” मी दुसऱ्या दोघांचे उचलले नाहीत. उचलून उपयोग नव्हता, आणि मला वाकणंही झेपत नव्हतं.

परत आलो तेव्हा चाराला काही मिनिटं होती. किती, हे ऑफिसरनं घड्याळात बघितलं, मी नाही. त्यानं बिल्ला उलटा सुलटा केला, वहीत नाव लिहिलं आणि सोला टोपी काढून डोकं पुसलं. मी परमनंट झालो हे त्यानं तिथंच सांगितलं. फक्त दुसऱ्या पाळीत जागा नव्हती. रातपाळी होती.

मेव्हणा मंगळवारी आयेला घेऊन भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसला. भाचीसाठी आणलेली लाडवांची पुरचुंडी ठेवून गेला. आयेनं जाताना मुलीला दूध कसं कोमट करायचं ते मला तीनदा सांगितलं, बायकोला एकदाही नाही.

पुढं रोज सकाळी सातला गिरणीच्या गेटावर आमची अदलाबदल व्हायची. मी बाहेर, बायको आत, मुलगी तिच्या कडेवरून माझ्या कडेवर. बोलायला वेळ नसायचा. कधी बायको म्हणायची भात झाकलाय, कधी म्हणायची हिला खोकला आहे. दोन्ही बाजूंनी लोक ढकलत असायचे. पळणं बंद झालं, त्याला वेळच उरला नाही. व्यायामशाळेनं पुढच्या वर्षीही शर्यत काढली, म्हणतात.

रातपाळीच्या माणसानं दिवसा झोपायचं असतं. पण आमच्या गॅलरीचा कठडा मोडका होता, आणि उकाड्यात दार लावून घेतलं तर जीव जायचा. मुलगी दारापर्यंत जाऊन आली नाही असं पाच मिनिटंही होत नसे. मग मी सुताची एक दोरी वळली. एक टोक माझ्या अंगठ्याला, एक तिच्या पायाला. मी जमिनीवर आडवा आणि ती माझ्याभोवती डबे वाजवत. तिनं पाय हलवला की मी उठायचो, आणि ती दिवसभर पाय हलवायची.