खोब्रागडेबाई आणि ती पांढरी कार्डे

चंद्रपूरच्या तंत्रनिकेतनातला तो माझा पहिला आठवडा. वरोऱ्याच्या गादीवाल्या शेखांची मी थोरली मुलगी. संगणकाला हात लावताना मला घाम फुटायचा, पण तोंड मात्र भारी चालायचे. प्रा. सुनंदा खोब्रागडे वर्गात आल्या, फळ्यावर आलापल्ली, कुरखेडा, वरोरा अशी नावे लिहिली आणि म्हणाल्या, "कंडक्टरजवळ एवढीच यादी हाय. प्रवाशानं चौथ्याच गावाचं नाव सांगतलं, तं त्याले कुठी उतरवाल?"

"शेवटच्या स्टॉपवर, मॅडम," मी ठोकून दिले. वर्ग खो-खो हसला. त्या हसल्या नाहीत.

"मॅडम नको, बाई म्हण. आन् त्या माणसाले पुसलं काऊन नाई?"

संगणकाच्या जावा भाषेतले स्विच आम्ही असे शिकलो. पूर्वी स्विचला आकडे चालत. पुढे मजकूरही चालू लागला. म्हणजे अमुक शब्द आला तर हे करा, तमुक आला तर ते, आणि यादीत नसलेला कोणताही शब्द आला तर शेवटच्या 'डिफॉल्ट' फांदीवर जा. ही शेवटची फांदी बाईंना कधीच आवडली नाही. "तिथी आपन विचार करनं सोडून देतो," असे त्या म्हणत.

बाईंच्या घरात कॉलेजची पायरी चढलेल्या त्या पहिल्याच. त्यामुळे असेल, पण दाराशी घुटमळणारी मुलगी त्यांना चटकन दिसे. प्रयोगशाळेत संगणक कमी होते, म्हणून माझ्यासाठी त्या दर रविवारी स्वतः येऊन कुलूप उघडत आणि माझे काम होईपर्यंत कोपऱ्यात उत्तरपत्रिका तपासत बसत. डब्यातली अर्धी भाकर न बोलता माझ्याकडे सरकवत. हे उपकार फेडता येणारे नाहीत, आणि ते फेडायला मी हा लेख लिहीतही नाही.

मी लिहिते आहे ते वेगळ्याच कारणासाठी. बाईंच्या साठीनिमित्त जमलेल्या तुम्हा मंडळींपैकी अनेकांना कार्डांचे प्रकरण ठाऊक आहे. ते चुकीचे ठाऊक आहे. त्या प्रकरणाने बाईंच्या नावाला जो डाग लागला, तो माझा आहे.

गडचिरोलीतल्या एका सेवाभावी संस्थेची सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणीची शिबिरे चालत. संगणकाचे काम बाई विनामूल्य पाहत आणि मी शेवटच्या वर्षात त्यांच्या हाताखाली होते. प्रयोगशाळेचा अहवाल आला की माझा प्रोग्राम कार्ड छापायचा. 'रुग्ण' आले तर लाल, 'वाहक' आले तर पिवळे, बाकी सगळ्यांना पांढरे. पांढरे म्हणजे निरोगी. बाईंनी प्रोग्राम तपासायला मागितला तेव्हा मी म्हणाले, "साधं स्विच आहे बाई, त्यात काय बघायचं?" आणि मी कार्डे छापून मोकळी झाले.

मधल्या काळात प्रयोगशाळेने 'दुसरी तपासणी बाकी' असा नवा शेरा पाठवायला सुरुवात केली होती. माझ्या स्विचला तो ठाऊक नव्हता. त्याने त्या सगळ्यांना पांढरी कार्डे दिली.

पुढच्या शिबिरात मडावीबाई आपल्या मुलीला, सुमनला, पाठीवर घेऊन आल्या. टेबलावर पांढरे कार्ड ठेवून म्हणाल्या, "कार्डावर तं काई नाई म्हनते, मंग पोरीचे हाडं काऊन दुखून राह्यले? धानाच्या रोवन्यावर नेतो तं रडते."

बाईंनी अहवाल काढून पाहिला, मग माझा प्रोग्राम उघडला. मला वाटले, आता धरणी दुभंगावी. त्या एवढेच म्हणाल्या, "ज्याची ओळख नाई, त्याले तू निरोगी म्हनलं, बेटा." त्याच दुपारी आम्ही ते स्विच काढून टाकले. प्रोग्राममध्ये प्रत्येक निदानाचा वेगळा वर्ग, म्हणजे 'क्लास', केला. आपले कार्ड कोणत्या रंगाचे, हे त्या त्या वर्गालाच ठाऊक. अनोळखी शेरा आला तर प्रोग्राम थांबेल आणि माणसाला विचारेल.

पण वाटलेली कार्डे तर घरोघरी पोहोचली होती. ती परत आणायला बाई एसटीने आणि जिथे एसटी नाही तिथे पायी निघाल्या. मी सोबत होते. प्रत्येक दारात त्या हात जोडून म्हणत, "चूक माह्याकडून झाली. हे कार्ड खरं नाई. उद्या तपासनीले या." कुणी पाणी दिले, कुणी शिव्या दिल्या. मी मागे उभी राहून चपलेने माती उकरत होते. त्याच महिन्यात नागपूरला माझी नोकरीची मुलाखत होती, म्हणून मी गप्प बसले. संस्थेच्या बैठकीतही बाईंनी दोष स्वतःवर घेतला. काम त्यांच्याकडून काढून घेतले गेले. "शिकवतात मोठं, पण स्वतःला साधं कार्ड छापता येत नाही," असे पुढे कितीतरी वर्षे लोक बोलले. मीही ते ऐकले आणि चहा पीत राहिले. याची मला आजही लाज वाटते.

सुमनला लाल कार्ड मिळाले, औषध सुरू झाले. आज ती अंगणवाडीत सेविका आहे.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "कायले लिवतेस? पोरगी बरी हाय ना? मंग झालं."

नाही झाले, बाई. त्या प्रोग्रामनंतर तुमची एकही आज्ञा आजवर मोडली नाही, ही मोडते आहे. तो प्रोग्राम मी लिहिला होता, न दाखवता चालवला होता, आणि दारादारांत हात मी जोडायला हवे होते.

गुडघ्यांची काळजी घ्या, वेळेवर जेवा, शंभर वर्षे जगा. आणि आता साठीला तरी दुसऱ्यांच्या चुका अंगावर घेणे सोडा, बाई. आम्ही मोठ्या झालो आहोत.

आपली विद्यार्थिनी,
नसीम शेख