तांडेल जेवायला बसला

माझे वडील तस्करी रोखणाऱ्या गस्ती पथकात शिपाई होते. डोंगरकडा गावाजवळच्या आमच्या तांड्यातून ते भरतीला गेले आणि नेमणूक मिळाली कोकणच्या किनाऱ्यावर. त्यांना पोहताही येत नव्हतं. गस्तीच्या लाँचच्या ड्रायव्हरनं त्यांना खाडीत उतरवून शिकवलं. दुबईहून येणारी चांदी, सोनं, घड्याळं तिथं उतरायची. आम्ही भावंडं गावीच वाढलो. पुढे सरकारनंच सोनं आणायला मोकळीक दिली, तसा तो धंदा आटत गेला. वडील निवृत्त होऊन परतले आणि हळद लावू लागले.

एका दुपारी दारात एक उंच म्हातारा आणि त्याची बायको येऊन उभे राहिले. आमच्या जवळच नरसीला दर्शनाला आले होते, तिथून पत्ता विचारत आले. वडिलांनी लगेच ओळखलं.

"हा तांडेल, होडीवाला," ते आईला म्हणाले. "याला मीच धरलं व्हतं. जेलात गेला."

आई भाकरी टाकायला बसली.

जेवताना वडिलांनी विचारलं, "खबर तर मोठ्या मालाची व्हती. मंग तुझ्या होडीत एवढीशीच चांदी काहून?"

"बाकीची आदल्या भरतीलाच उतरवली, साहेब. तुम्ही येणार ते आम्हाला ठाऊक होतं."

"कोन सांगितलं?"

"तुमच्या लाँचच्या ड्रायव्हरनं."

वडिलांनी विचारलं, "ठाऊक व्हतं, तर तू काहून पळाला न्हाईस?"

"कुणीतरी सापडायला पाहिजे होतं. शेठ म्हणाला, तू थांब, तुझ्या घरचं मी बघतो."

"बघितलं का मंग?"

"नाही बघितलं," त्याची बायको म्हणाली. "मी मासळी विकली."

वडिलांनी तिच्या ताटात आणखी वरण वाढलं. त्या धाडीबद्दल वरच्या साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांची पाठ थोपटली होती, हे आम्हाला माहीत होतं. ते त्यांनी पाहुण्यांना सांगितलं नाही. संध्याकाळच्या एसटीत दोघांना बसवून दिलं.

हळद काढून झाल्यावर वडील कोकणात जाऊन आले.

"ड्रायव्हर भेटला का?" मी विचारलं.

"भेटला. लकवा मारलाय. बोलता येत न्हाई."

"मग काय केलंत?"

"बसलो त्याच्यापाशी. त्याच्या लेकीनं चहा केला." मग म्हणाले, "वळखलं त्यानं मला. रडून राहिला व्हता."

त्याला काही विचारलं का, हे त्यांनी सांगितलं नाही.