एक हात जास्त

जळगाव स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर नाना माझ्या सुटकेसची चेन तपासत होते. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. गाडी यायला वीस मिनिटं होती, आई डोळ्यांना पदर लावून बसली होती, आणि अशा वेळी वडिलांनी काय बोलायचं असतं ते नानांना ठाऊक नसल्यामुळे त्यांनी चेन तीनदा उघडली आणि तीनदा लावली. मग स्कूटरच्या डिकीतून आणलेली पिशवी माझ्या हातात दिली. आत त्यांनी स्वतः बनवलेला एक्स्टेन्शन बोर्ड होता. वायर नीट गुंडाळून सुतळीने बांधलेली.

“तठे भिंतमा बोर्ड कोठे ऱ्हाई काय माहीत,” ते म्हणाले. “ऱ्हाऊ दे संगे.”

मी नेदरलँड्सला चालले होते, दोन वर्षांच्या करारावर. तिथल्या भिंतीत आपली पिन बसत नाही हे मला माहीत होतं, पण त्या वीस मिनिटांत तो विषय काढण्यात अर्थ नव्हता. पोहोचल्यावर मी जुनी पिन कापली आणि तिथली लावली. बोर्ड अजून चालतो. दोन वर्षं मात्र कधीच संपून गेली.

नाना मूळचे सोनगीरचे, बोलणं अजून तिकडचंच. लग्नाआधीच ते जळगावला आले आणि पिंप्राळ्यात एका खोलीत त्यांनी साउंड सर्व्हिस टाकली. दोन कर्णे, एक अँप्लिफायर, एक माईक. पुढे स्पीकरचे मोठे बॉक्स आले, मिक्सर आला, पण वायरी मात्र त्यांनी कधी तयार घेतल्या नाहीत. बाजारातली वायर बाजारासाठी असते असं त्यांचं मत. वायरचं मोठं बंडल आणायचं, एक टोक खिडकीच्या गजाला बांधायचं, दुसरं हँड ड्रिलच्या तोंडात धरायचं आणि गल्लीत उलटं चालत जाऊन पीळ घालायचा. समोरून रिक्षा आली तर ती थांबायची. शेजारचे म्हणायचे, नानांनी दोरखंड वळायला घेतला की आमचा रस्ता बंद.

मापाचा त्यांचा नियम एकच. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. जागेचं माप घ्यायचं आणि त्याच्यावर एक हात जास्त कापायचं. “वायर कमी पडनी ते जोड देना पडस,” ते सांगायचे, “अन् जोड दिधा म्हंजे तठेच बिघडस.” कुणी नवीन घरात राहायला गेलं, की लोक विचारतात भाडं किती, पाणी किती वेळ येतं. नाना विचारायचे, खोली किती बाय किती. मी परदेशात पहिली खोली घेतली तेव्हाही फोनवर त्यांचा पहिला प्रश्न तोच होता. मी पावलं टाकून मोजली आणि सांगितलं, अकरा फूट बाय दहा. त्यांनी ते कुठेतरी मनात टिपून ठेवलं. कशाला, ते मला कळायला दहा वर्षं गेली.

माझ्या लहानपणी आमच्याकडे एक खेळ होता. खेळ कसला, परीक्षाच. नाना दोन बॉक्स समोरासमोर ठेवायचे, मला मधोमध उभं करायचे आणि गाणं लावायचे. कधी दोन्ही वायरी सरळ असायच्या, कधी एका बॉक्सची लाल-काळी त्यांनी मुद्दाम अदलाबदल केलेली असायची. तसं झालं, की एक बॉक्स हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. ढोलकीचा जाड आवाज विरून जातो आणि गाणाऱ्याचा गळा मधे ठरत नाही, खोलीभर भटकत राहतो. “सांग बरं,” नाना म्हणायचे. मी डोळे मिटून सांगायचे, उलटं आहे. मग बॅटरीचा सेल वायरीला टेकवून कोणता बॉक्स उलटा ते शोधायचं. सरळ असेल तर आतला कागद बाहेर उसळतो, उलटा असेल तर आत जातो. मी तळहात ठेवून बघायचे. सात वर्षांची असताना मला हे यायचं आणि पाढे यायचे नाहीत. याचा अभिमान घरात फक्त एकालाच होता.

तर मागच्या वर्षीची गोष्ट. इतकी वर्षं त्याच अकरा फुटी खोलीत काढून मी इकडे घर घेतलं. नोटरीसमोर बसून, डच भाषेत वाचून दाखवलेल्या कागदांवर सह्या केल्या. खालचा हॉल मोठा, वर दोन खोल्या, मागे लहानशी बाग. घर घेतलं याचा अर्थ मी परत येणार नव्हते, हे मला सही करताना पक्कं ठाऊक होतं. घरी सांगितलं नाही. आज सांगू, दिवाळीला सांगू, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन होऊन जाऊ दे मग सांगू. दर दोन वर्षांनी ‘अजून दोन वर्षं’ म्हणायची मला सवय झाली होती आणि त्यांना ते ऐकायची. माझ्या लग्नाचा विषय दोन्ही बाजूंनी आधीच थकून खाली बसला होता, त्याच्या शेजारी मी हाही बसवला.

तुमच्यापैकी जे असे बाहेर आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. रविवारचा फोन म्हणजे झाकली मूठ. इकडून आपण म्हणतो, मजेत. तिकडून ते म्हणतात, बठ्ठं बरं शे. दोन्ही बाजूंना मूठ उघडायची भीती, आणि फोन ठेवल्यावर दोन्ही बाजूंना जरा हायसं वाटतं.

नव्या घरात मी एक जुनी हाय-फाय सिस्टीम आणली. इकडे जुन्या वस्तूंची मोठी दुकानं असतात, क्रिंगलूप म्हणतात. तिथे एक अँप्लिफायर आणि लाकडी पेटीचे दोन स्पीकर मिळाले. वायरी नव्हत्या. दुकानात हव्या तशा मिळत होत्या, पण नानांना सांगावं असं मला वाटलं. खरं सांगायचं तर घर लपवल्याची टोचणी होती, आणि काहीतरी मागितलं की ती कमी होईल असा माझा हिशोब होता. मी म्हटलं, नाना, दोन वायरी बनवून द्या, सात-सात मीटरच्या, टोकांना बनाना प्लग.

“कसाना प्लग?”

“बनाना. केळ्यासारखा दिसतो म्हणून.”

“जयगावमा केयं कमी शेत का,” म्हणून ते बराच वेळ हसले. मग विचारलं, “सात मीटर?”

“हो, सात.”

“अच्छा,” नाना म्हणाले. पत्ता मी ऑफिसचा दिला. घरी कुणी नसतं, पार्सल परत जातं, असं सांगितलं. आणि त्या काळात व्हिडिओ कॉल करताना पाठीमागे कोरी भिंत येईल अशी बसायचे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

वायरी तीन आठवड्यांनी आल्या. पीळ एकसारखा, सोल्डरचा डाग चकचकीत, डाव्या वायरीला दोऱ्याची एक गाठ, उजवीला दोन. हुंगल्यावर राळेचा वास येत होता, आणि त्या वासाने मी जिन्याच्या पायरीवर जरा वेळ बसून राहिले. मग जोडल्या. गाणं लावलं. पहिल्या मिनिटातच कळलं, उलटं आहे. ढोलकी गायब, गळा हॉलभर भटकतोय.

सेल लावून बघितलं. दोन गाठींची वायर. एका टोकाला लाल तारेवर लाल प्लग, दुसऱ्या टोकाला काळ्या तारेवर लाल.

नानांच्या हातून ही चूक झालेली मी आयुष्यात कधी पाहिली नव्हती. लग्नातल्या गोंधळात, कुणी पायाने वायरी तुडवत असताना, अंदाजाने जोडतानाही ती झालेली नव्हती. डोळे गेले का? हात थरथरतो का? मी स्पीकरच्या मागे प्लग अदलाबदल करून घेतले, गाणं सरळ झालं, आणि रविवारी त्यांनी विचारलं, “कशी वाजस?”

“झकास, नाना. एकदम झकास.”

ते म्हणाले, “अच्छा,” आणि फोन आईकडे दिला.

त्यानंतर रविवारी फोनवर आईच असायची. नाना स्कूटरवर गेलेत, नाना जरा आडवे झालेत, नाना कामात आहेत. मी आईला आडून विचारलं, त्यांच्या डोळ्यांचं काही आहे का? आई म्हणाली, “माझ्या सुईत दोरा तेच ओवतात, त्यांना काय धाड भरलीय!” मला ते खोटं वाटलं. स्वतः खोटं बोलत असलं की दुसऱ्याचं खरं पटत नाही.

हिवाळ्यात मी तीन आठवड्यांसाठी घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी मला पुढच्या खोलीत बोलावलं. दोन बॉक्स समोरासमोर मांडलेले होते. मी त्रेचाळीस वर्षांची बाई, पण मधोमध जाऊन उभी राहिले. त्यांनी गाणं लावलं.

“सांग बरं.”

“उलटं आहे,” मी म्हटलं.

“कान जागावर शेत,” नाना म्हणाले. गाणं बंद केलं. स्टुलावर बसले, चष्मा पुसला. “मंग तवय का बरं नही सांगं?”

मी म्हटलं, “तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

“मी मुद्दाम उलटी करेल व्हती. तू सांगस का नही, इतलंच माले देखनं व्हतं.” त्यांचा आवाज चढला नव्हता. लग्नातल्या गिऱ्हाइकाला बॉक्स कुठे ठेवायचा ते समजावतात तसं ते बोलत होते. “अकरा फुटनी खोली तुनी. पंधरा हात वायर तठे कोठे लागस? पार्सल हाफिसना पत्तावर. मांगे नुस्ती भिंत. घर लिधं ना तू?”

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. हाताला कळण्याच्या भाकरीचं पीठ. तिला माहीत होतं की नव्हतं ते मला आजही कळलेलं नाही.

“घेतलं,” मी म्हटलं. “एक वर्ष होईल. मी आता परत यायची नाही, नाना. सुट्टीत येईन, पण राहायला नाही.” बोलून टाकलं आणि रडू आलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की हे वाक्य त्यांना मोडेल. मोडले मी. ते नुसते बसले होते.

हातातला चष्मा पुन्हा पुसत ते म्हणाले, “मी सोनगीर सोडं तवय मायले सांगं व्हतं, दोन वरीसमा येसू. ती मरेपावत देखत ऱ्हायनी. येस का, येस का. तिले खरं मी कधी सांगंच नही.” चष्मा डोळ्यांवर चढवला. “वाट देखानं काम लई वाईट ऱ्हास. तुना मायले ते नको देऊ.”

आईने विचारलं, “किती खोल्या आहेत?”

“वर दोन, खाली एक मोठी.”

“झाडायला कोण येतं?”

“कुणी नाही. मीच.”

“मग एवढं मोठं घ्यायचं कशाला,” ती म्हणाली आणि भाकरी करपेल म्हणून आत गेली. आतून भांडी जरा जोरात वाजली. दोन दिवस ती माझ्याशी तुटक बोलली, तिसऱ्या दिवशी हॉलच्या खिडक्यांचं माप मागितलं. पडदे शिवायचे होते.

नानांनी मात्र तिथेच, बॉक्सच्या वायरी सोडवता सोडवता विचारलं, “वायर पुरनी का घरले?”

“पुरली. एक हात उरली.”

“उरालेच पाहिजे,” ते म्हणाले. “कापू नको.”

मी ती कापलेली नाही. दोन्ही स्पीकरच्या मागे एकेक वेटोळं पडलेलं असतं आणि झाडताना दर वेळी पायात येतं. तुम्ही विचाराल, आता घर म्हणजे कुठलं? कागदावर इथलं आहे, आईचे पडदेही लागले आहेत. पिंप्राळ्याच्या खोलीत हल्ली बॉक्स कमी आणि औषधं जास्त असतात. मला यातल्या कुठल्याही एका जागेवर बोट ठेवता येत नाही आणि त्याचं फारसं वाईटही वाटत नाही. रविवारचा फोन तेवढा बदलला आहे. परवा नानांनी नेहमीसारखं विचारलं, कसं काय. मी सवयीने मजेत म्हणणार होते. मग म्हटलं, “नाना, बरं नाहीये. चार दिवस झाले, ऑफिस सोडून कुणाशी एक शब्द बोलले नाही.”

तिकडून ‘अच्छा’ आलं नाही. स्टूल ओढल्याचा आवाज आला, आणि नाना म्हणाले, “सांग बरं.”