अक्काच्या दोन ओळी

मलाक्कातल्या आमच्या चिट्टी, म्हणजे पिढ्यान्पिढ्या इथेच राहिलेल्या तमिळांच्या, वस्तीत लग्नाची बोलणी सरळ शब्दांत करत नाहीत. मागणं असो की नकार, तो पंतूनात बांधून द्यायचा. पंतून म्हणजे चार ओळींचं यमकाचं गाणं. पहिल्या दोन ओळींना आम्ही सावली म्हणतो. तिच्यात झाड, होडी, पाऊस, काहीही असेल. खरा अर्थ पुढच्या दोन ओळींत. सावली आधी पडते, माणूस मागून येतो, असं सिन्नम्मा अक्का शिकवायची. यमक चुकलं तर हसायची, पण सावलीचा अर्थाशी संबंध नसला की चिडायची. "फांदीवर पोपट बसवलास, पुढे त्याचं काम काय?"

अक्का माझी मोठी नणंद. सकाळी मारियम्मन देवीच्या देवळासमोर केळीच्या पानात भात विकायची. वस्तीतल्या बहुतेक मुलींची लग्नं तिच्याच तोंडून ठरली. स्वतःचं मात्र झालं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "मागायला आला होता एक. त्याचं यमक चुकलं."

गेल्या वर्षी तिच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला, बोलणंही गेलं. पाणी, मीठ, नको, असे दोन-चार शब्द उरले. कधी एखादं गाणं ओठावर येई, पण मध्येच तुटे.

अशात आमच्या पुतणीला, विसालाचीला मागणी आली. मुलगा जोहोरला नोकरीत, सज्जन. अडचण एकच. तिची आई, माझी धाकटी जाऊ अंजलै, विधवा आणि डोळ्यांनी अधू. तिला मी सांभाळते म्हटलं, पण पोरगी ऐकेना. "आई येणार नसेल तर मी जात नाही," एवढंच तिचं म्हणणं. आता मुलीकडच्यांनी असं उघड मागणं म्हणजे पदर पसरणं. पंतूनात मागितलं तर नकार मिळाला तरी कुणाची मान खाली जात नाही.

बोलणार कोण यावर घरात वाद झाला. अक्कानं डाव्या हातानं स्वतःची छाती ठोकली. तिला अडवायची माझी हिंमत झाली नाही. देवीचा अंगारा तिच्या कपाळाला लावला.

दुपारी मुलाची आई मुत्तम्मा आली. त्यांच्या बाजूनं बोलायला अरुणासलम मामा. लग्नमांडवांत अक्काशी गाण्यात झुंजण्यात यांची उमर गेलेली. विड्याचं तबक मध्ये ठेवलं. आमचा उत्तराचा पंतून पुरा झाला की आम्ही ते उचलायचं. अर्धा राहिला तर ते तबक घेऊन पाहुणे परत जाणार. आणि शेवटच्या दोन ओळी ज्या बाजूचा माणूस म्हणेल, ती बाजू त्यातल्या अर्थाला बांधली जाणार.

मामांनी मागणं गायलं. सगळे अक्काकडे बघू लागले. मग सूर लागला, थरथरता, पण तिचाच.

"रोप काढले ओल्या वाफ्यातून,
मुळाशी बिलगून राहिली माती..."

आणि आवाज थांबला. ओठ हलत होते. पडद्याआडून माझ्याबरोबर बघणाऱ्या विसालाचीनं माझं मनगट घट्ट धरलं.

मुत्तम्मा हसून म्हणाली, "छान. पण माती झटकून लावलं तरी रोप जगतंच की. पुढचं म्हणा, अक्का."

अक्कानं पुन्हा तोंड उघडलं. "मीठ," एवढंच आलं. पाहुण्यांपैकी कुणीतरी फसकन हसलं. अक्काची मान खाली गेली. मुत्तम्माचा हात तबकाकडे निघाला.

"हात लावू नकोस," मामा म्हणाले. "ओळ उभी आहे अजून."

"उभी राहून राहून किती राहील, मामा?"

त्याच यमकात गोड बोलून अंग काढून घ्यायला मामांना वेळ लागला नसता. असे अर्थ त्यांच्याकडून मी कितीदा ऐकलेत. त्यांनी कोपऱ्यात बसलेल्या अंजलैकडे पाहिलं. ती आवाजाच्या दिशेनं कान लावून, हात मांडीवर घेऊन बसली होती. मामा खाकरले.

"लेक नेऊ आम्ही या घरातून,
आईचाही हात धरून हाती."

मुत्तम्मा म्हणाली, "मला न विचारता?"

"विचारायचं काय राहिलं? सावली सिन्नम्मानं टाकली. माणूस दारातच उभा होता."

"आणि मुलीच्या आईला जोहोरला तिसऱ्या मजल्यावर चढवणार कोण?"

"तुझा मुलगा. जावई होतोय ना?"

मुत्तम्मानं तोंड वाकडं केलं, पण बांधलेला शब्द मोडायला ती तयार नव्हती. अक्कानं एका हातानं तबक उचललं. सुपाऱ्या घरंगळल्या, त्या अंजलैनं चाचपत गोळा केल्या. मी मनातल्या मनात देवीला हात जोडले.

निघताना मामा अक्कासमोर वाकले. हळूच म्हणाले, "यमक बरोबर होतं ना, सिन्नम्मा?"

अक्कानं मान वर केली. आजारपणानंतर तिच्या तोंडून न आलेले दोन शब्द जुळवायला तिला वेळ लागला.

"या वेळी," ती म्हणाली.