चुड्याला न चाललेला हात

आईच्या बाराव्याला भावाने अंगणात तिचा भलामोठा फ्लेक्स लावला. 'प्रेमळ माता, मायाळू आजी.' त्याच्याखाली खुर्ची टाकून आमची आत्ये खीर ओरपत होती. मला बघून म्हणाली, "काय हात होता गो तुझ्या आईचा. लावील त्याचं सोनं करायची." मला शिसारी आली. खिरीची नव्हे, त्या तोंडाची.

माझ्या मुलीच्या लग्नात बोललेलं तोंड हेच.

मी पणजीला नोकरीला, सकाळची बस गाठायची म्हणून मुलगी पाळी या खाणपट्ट्यातल्या गावात आईकडेच वाढली. पाववाला पोदेर आला की गरम उंडा पाव चहात बुडवून भरवायची ती आजी, आणि खाणीच्या धुळीने पोर खोकायला लागली की मांडीवर घेऊन बसायची तीही आजीच. मी आपली नावाची आई.

आमच्यात नवरीचा चुडा मामाकडे भरतात. त्या दिवशी आई सकाळपासून चुलीपाशी होती. वाडीभरचं जेवण तिने एकटीने काढलं. ओसरीवर कासार बसला, हिरव्या बांगड्या मांडल्या, बायका जमल्या. मुलीने हात पुढे केला आणि म्हणाली, "पहिली बांगडी आजी घालणार. नाहीतर मी भरून घेणार नाही."

आत्ये पुढे होऊन मला म्हणाली, "वेड लागलंय काय? घोव गेलेल्या बाईने चुड्याला हात लावायचा? पोरीचं वाईट करायचंय तुला?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "त्याच हाताचं रांधलेलं आता पोटभर जेवणार ना तुम्ही? ते चालतं?" वहिनीने माझा दंड धरला. भाऊ, घरचा कर्ता पुरुष, मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसला.

तेवढ्यात आईच आली. पदराला हात पुसत दारातच थांबली, उंबरठा ओलांडला नाही. मुलीला म्हणाली, "बाये, हट्ट करू नको. हात पुढे कर. माझा भात लागेल." आणि मला, "शुभकार्यात तोंड वाजवू नको." मला तिचाही राग आला. आयुष्यभर यांची उष्टी काढली, आणि वर यांचीच बाजू घ्यायची.

पोरीने रडत चुडा भरून घेतला. हात ताठ धरला होता, म्हणून तीन-चार बांगड्या पिचल्या. फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं, म्हणून बायकांनी एकमेकींना दटावलं. काचेला केवढं जपतात बघा.

मग जेवणं झाली. सोलकढीवर सगळ्या खूश, आत्येने दोनदा भात मागून घेतला. मी ओसरीवर आले तेव्हा कासार गेला होता. आई जमिनीवर बसून हाताने चाचपत हिरव्या काचा वेचत होती. पोर अनवाणी फिरते, तिच्या पायात जाईल म्हणून.

पान खात बसलेली आत्ये म्हणाली, "तिकडे कोपऱ्यातही आहेत बघ."

त्या तुकड्यांना आईचा हात चालला.